ऑर्शाचे लोको शेडप्रमुख कॉन्स्टंटिन झास्लोनोव : कोळशाच्या ढिगातले सुरुंग

लोहमार्ग

१६ जुलै १९४१ रोजी बेलारूसमधील ऑर्शा हे शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. नीपर नदीच्या काठावरचे हे शहर तसे फार मोठे नव्हते, पण वॉर्सा, मिन्स्क, स्मोलेन्स्क, मॉस्को हा पूर्व-पश्चिम लोहमार्ग आणि व्हितेब्स्कहून मोगिल्योवकडे उतरणारा उत्तर-दक्षिण लोहमार्ग येथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे मॉस्कोवर चालून जाणाऱ्या जर्मन 'आर्मी ग्रुप सेंटर'चा दारूगोळा, इंधन आणि गरम कपडे यांचा मोठा हिस्सा याच यार्डातून पुढे जाणार होता. शहर पडण्याच्या दोन दिवस आधी कॅप्टन इव्हान फ्ल्योरोव यांच्या तुकडीने 'कात्युशा' अग्निबाणांचा युद्धातला पहिला मारा केला तो ऑर्शाच्याच रेल्वे स्थानकावर. हे जंक्शन शत्रूच्या हाती पडले तर काय होईल, याची जाणीव सोव्हिएत सेनापतींना किती तीव्र होती हे त्यावरून दिसते.

या जंक्शनच्या लोको शेडचे प्रमुख होते कॉन्स्टंटिन झास्लोनोव. जन्म १९१० सालचा, ओस्ताश्कोव या गावचा. रेल्वेच्या तांत्रिक शाळेत शिकून ते इंजिनांच्या दुरुस्तीत आणि पुढे शेडच्या कारभारात आले. १९३७ मध्ये रोस्लाव्लच्या आणि १९३९ पासून ऑर्शाच्या शेडची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जर्मन जवळ आले तेव्हा इतर कर्मचाऱ्यांबरोबर ते मॉस्कोकडे निघून गेले. सुरक्षित ठिकाणी पोहोचलेल्या या माणसाने आपल्याला आणि रेल्वे कामगारांच्या एका लहान तुकडीला आघाडीपलीकडे ऑर्शाला परत पाठवावे अशी मागणी केली, आणि १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये ही तुकडी निघाली. आघाडी ओलांडताना आणि पुढच्या वाटचालीत तिची गळती झाली, पण झास्लोनोव आणि त्यांचे काही सहकारी नोव्हेंबरच्या मध्यास ऑर्शात पोहोचले.

आता त्यांच्या योजनेतला जो भाग मला सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो, त्याकडे येतो. झास्लोनोव जंगलात लपले नाहीत. त्यांनी खोटे नावही घेतले नाही, कारण ऑर्शात त्यांना सगळेच ओळखत होते. ते सरळ जर्मन रेल्वे प्रशासनाकडे गेले आणि काम मागितले. जर्मनांना त्या वेळी अशा माणसांची निकड होती. त्यांची स्वतःची इंजिने पश्चिम युरोपच्या हिवाळ्यासाठी बांधलेली होती, नळ्या आणि पंप बाहेरच्या बाजूला उघडे असल्याने ती रशियन थंडीत मोठ्या संख्येने निकामी होत होती, आणि ताब्यात आलेली सोव्हिएत इंजिने चालवायला स्थानिक ड्रायव्हर व फायरमन लागत होते. त्यामुळे झास्लोनोव यांची नेमणूक ऑर्शातील रशियन इंजिन कर्मचाऱ्यांचे प्रमुख म्हणून झाली. कोणते इंजिन कोणत्या गाडीला लागेल, कोण ड्रायव्हर जाईल, कोणते इंजिन दुरुस्तीला घ्यायचे, यात त्यांचा शब्द चालू लागला आणि त्यांनी आपली माणसे एकेक करून शेडमध्ये आणली.

काळ कसा होता हेही पाहा. १३ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मन भूदलाचे प्रमुख स्टाफ अधिकारी फ्रान्झ हाल्डर यांनी पूर्व आघाडीवरच्या सैन्यांच्या स्टाफ प्रमुखांची बैठक घेतली ती ऑर्शातच, आणि त्या बैठकीत मॉस्कोवरच्या पुढील चढाईचा विचार होत असताना अपुरा रेल्वे पुरवठा ही सर्वांना छळणारी अडचण होती. त्याच दिवसांत त्याच शहरात ही तुकडी येऊन पोहोचली.

पुढचे तीन महिने या गटाने शेडच्या आत राहून काम केले. इंजिनांतले पाणी गोठू देणे, पाणी भरण्याची यंत्रणा बिघडवणे, दुरुस्ती लांबवणे हे प्रकार होतेच. परंतु त्यांचे नाव झाले ते 'कोळशाच्या सुरुंगां'मुळे. स्फोटकाला कोळशाच्या ढेकळाचा आकार द्यायचा, त्यावर कोळशाची पूड चिकटवायची आणि तो तुकडा ढिगात सोडून द्यायचा. फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस जर्मन गुप्त पोलिसांचा संशय बळावल्यावर झास्लोनोव आपल्या माणसांसह शहराबाहेर पडले आणि पार्टिझनांची, म्हणजे शत्रूच्या पिछाडीवर लढणाऱ्या गनिमी लढवय्यांची, तुकडी उभारली. तेव्हापासून ते 'काका कोस्त्या' या नावाने ओळखले जाऊ लागले. १४ नोव्हेंबर १९४२ रोजी सेन्नो जिल्ह्यातल्या कुपोवात या खेड्यातील लढाईत ते मारले गेले आणि मार्च १९४३ मध्ये त्यांना मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला.

जंगलातल्या सेनानींबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते की शत्रूच्या पिछाडीवरचा घातपात समजून घ्यायचा असेल तर या तीन महिन्यांकडे पाहिले पाहिजे, कारण येथे खरे हत्यार स्फोटक नसून शेडच्या कामाची खडान्‌खडा माहिती हे होते. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे.

वाफ आणि पोलाद

लेख आवडला. कोळशाच्या सुरुंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यातली खुबी वाफेच्या इंजिनाची रचना ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही.

इंजिनाच्या भट्टीभोवती बॉयलरचे पाणी असते. भट्टीची भिंत एका बाजूने धगधगत्या कोळशाला आणि दुसऱ्या बाजूने प्रचंड दाबाखालच्या उकळत्या पाण्याला लागून असते, आणि असंख्य आडव्या पट्ट्या व खिळ्यांनी ती बाहेरच्या कवचाला जखडलेली असते. अशा ठिकाणी फार मोठा स्फोट घडवण्याची गरजच नसते. स्फोटाने भिंतीला तडा गेला की उरलेले काम बॉयलरमधली वाफच करते. रूळ उखडला तर काही तासांत नवा बसवता येतो. भट्टी फुटलेले इंजिन मात्र मोठ्या कारखान्यात न्यावे लागते, आणि आघाडीपासून शेकडो किलोमीटर मागे न्यायचे म्हणजे त्यासाठी दुसरे इंजिन अडकते.

दुसरी गोष्ट अंतराची. फायरमनच्या फावड्यात तो तुकडा केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नाही. इंजिन ऑर्शाहून धडधाकट निघते आणि स्मोलेन्स्कच्या वाटेवर कुठेतरी फुटते, तोपर्यंत त्याने वाटेत आणखी एखाद्या ठिकाणी कोळसा घेतलेला असतो. चौकशी कुठून सुरू करायची? बॉयलर फुटणे हे वाईट पाण्याने, निष्काळजीपणाने किंवा थंडीनेही होऊ शकते. स्फोटकाचा पुरावा तर भट्टीतच जळून गेलेला असतो. याच कारणाने झास्लोनोव यांच्या गटाला लगेच पकडले जाण्याऐवजी तीन महिने मिळाले असे मला वाटते.

ही कल्पना अगदी नवीन नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडच्या थॉमस कोर्टनी याने वाफेच्या जहाजांसाठी कोळशासारखे दिसणारे लोखंडी बॉम्ब बनवले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या घातपात विभागानेही असा कोळसा तयार केला होता. पण ढिगाशेजारी उभे राहून, कोणता ढीग कोणत्या इंजिनात जाणार आहे हे स्वतःच ठरवणारा माणूस ब्रिटिशांना सहसा मिळत नसे, आणि झास्लोनोव तर नेमके तेच काम करण्यासाठी जर्मनांकडून पगार घेत होते.

अनामिका

वाफ आणि पोलाद यांनी फावड्याचा उल्लेख केला आणि माझे मन तिथेच अडकले. ते फावडे कोणाच्या हातात होते? सैनिकी गाड्यांवर जर्मन पहारेकरी असत हे खरे. पण भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन आणि त्याच्या बाजूला उभा असलेला ड्रायव्हर हे अनेकदा ऑर्शाचेच, म्हणजे झास्लोनोव यांचे जुने सहकारी असणार. त्यांतले सगळे काही फितूर नव्हते. घरात मुलेबाळे उपाशी होती म्हणून कामावर आलेले होते. भट्टीची भिंत फुटली की वाफ सर्वांत आधी त्यांच्याच अंगावर येणार. आणि त्यांना सावध करणे शक्यच नव्हते, कारण सुरुंग कोळशापासून ओळखू येत नाही हाच तर त्याचा गुण.

झास्लोनोव यांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. परंतु सेनापती म्हणून त्यांनी जो हिशेब केला असेल त्यात ही माणसेही होती, आणि पुतळ्याखालच्या मजकुरात ती दिसत नाहीत.

दप्तरखाना

मला आकड्यांबद्दल बोलायचे आहे. सोव्हिएत लेखनात या तीन महिन्यांसाठी सुमारे ९३ हा आकडा येतो, पण तो कशाचा आकडा आहे यात एकवाक्यता नाही. कुठे तो निकामी झालेल्या इंजिनांचा म्हणून दिला जातो, तर कुठे अपघातांचा. या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय वर लिहिले गेलेच आहे की त्या हिवाळ्यात जर्मन इंजिने आपोआपच बंद पडत होती. मग डिसेंबरातल्या एखाद्या रात्री ऑर्शाच्या शेडमध्ये एखादे इंजिन गोठून फुटले, तर ते थंडीच्या नावावर लिहायचे की झास्लोनोव यांच्या? जो घातपात अपघातासारखा दिसावा म्हणूनच केला जातो, त्याची मोजदाद पुढे इतिहासकाराला करता येत नाही. पार्टिझन मुख्यालयाकडे जाणारे अहवाल फुगवलेले असत हे तर सर्वमान्य आहे. एखादी गाडी घसरल्याचा आवाज ऐकून जंगलात पळालेला माणूस नुकसान मोजायला मागे थांबत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की आकडा बाजूला ठेवून परिणामाकडे पाहावे. जर्मनांनी झास्लोनोव यांना एवढे दिवस कामावर ठेवले याचा अर्थ शेडचे काम दिसायला तरी चालू होते, आणि ते तसे दिसावे म्हणून त्यांना अनेक गाड्या नीट रवानाही कराव्या लागल्या असणार. त्या गाड्यांतला दारूगोळा मॉस्कोसमोर वापरला गेला असणार, हेही त्या हिशेबात धरावे लागेल.

लोहमार्ग

अनामिका आणि दप्तरखाना या दोघांचेही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

अनामिका यांच्या प्रश्नाला मऊ उत्तर नाही. सुरुंग भट्टीत गेल्यावर समोर कोण उभे आहे हे तो पाहत नाही, आणि झास्लोनोव यांना हे कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते, कारण त्यांनी आयुष्यभर अशाच भट्ट्यांसमोर काम केले होते. मला वाटते की त्यांनी स्वतः शेडमध्ये परत जाण्याचा आग्रह धरला त्यामागे हेही एक कारण असावे. बाहेरून पाठवलेला अधिकारी असा हुकूम देऊन मोकळा झाला असता. झास्लोनोव मात्र त्या ड्रायव्हरांच्या रोज नजरेसमोर होते. शिवाय शहरातल्या लोकांच्या दृष्टीने ते जर्मनांचे चाकर झाले होते, आणि 'जुना साहेब शत्रूला जाऊन मिळाला' ही कुजबुज निमूटपणे ऐकून घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. जंगलातल्या सेनानीला निदान आपल्या लोकांमध्ये मान असतो, यांना तोही नव्हता. यामुळे फायरमनचा प्रश्न सुटत नाही, पण हा माणूस तो प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात टाकून दूर बसला नव्हता एवढे तरी म्हणता येते.

दप्तरखाना, ९३ या आकड्यावर मी जोर दिला नाही तो आपण म्हणता त्याच कारणाने. मात्र नीट रवाना केलेल्या गाड्यांबद्दल एक गोष्ट सुचवतो. शेडप्रमुखाला गाड्या उडवाव्याच लागत नाहीत. इंजिन वेळेवर मिळाले नाही, पाण्याला उशीर झाला, ड्रायव्हरची पाळी संपली, अशा साध्या साध्या गोष्टींनी यार्ड तुंबत जाते आणि एका गाडीचा खोळंबा मागच्या दहा गाड्यांना भोवतो. सैन्याला शेवटी दिवसाला किती गाड्या पोहोचल्या यावर लढावे लागते. हे नुकसान कोणत्याही अहवालात 'घातपात' म्हणून लिहिले जात नाही.

पूर्वरंग

चर्चा चांगली चालली आहे. यात एक जुना वाद जोडतो, कारण तो लोहमार्ग यांच्या मूळ प्रतिपादनाशी थेट संबंधित आहे.

३० मे १९४२ रोजी मॉस्कोत पार्टिझन चळवळीचे केंद्रीय मुख्यालय स्थापन झाले आणि पांतेलेइमॉन पोनोमारेंको त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत गाजलेली मोहीम म्हणजे 'रुळांचे युद्ध'. ३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ती सुरू झाली आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालली. हजारो पार्टिझनांनी एकाच वेळी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात रूळ उडवायचे, म्हणजे जर्मनांकडे बदलायला रूळच उरणार नाहीत, अशी त्यामागची कल्पना होती. घातपातशास्त्राचे जाणकार इल्या स्तारिनोव यांनी या कल्पनेला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की रुळांचा तुटवडा जर्मनांना नाही, तुटवडा आहे तो इंजिनांचा. तेवढीच स्फोटके गाड्या पाडण्यासाठी वापरली तर नुकसान कितीतरी पट होईल. उत्तर युक्रेनमध्ये ओलेक्सी फ्योदोरोव यांच्या पार्टिझनांनी कोवेल जंक्शनभोवती नेमके हेच केले. त्यांनी ठरावीक दिवसांनी सक्रिय होणारे सुरुंग रुळांखाली पुरले आणि सोव्हिएत नोंदींनुसार जुलै १९४३ पासूनच्या काही महिन्यांत पाचशेहून अधिक गाड्या घसरवल्या. पुरून ठेवलेला सुरुंग कोणत्या दिवशी जागा होईल हे माहीत नसल्याने पहारा वाढवूनही उपयोग होत नसे.

माझ्या मते स्तारिनोव यांचे बरोबर होते, आणि झास्लोनोव यांनी दीड वर्ष आधी ते करून दाखवले होते. त्यांच्याच धर्तीवरचे दुसरे उदाहरण बेलारूसमधल्याच ओसिपोविची या रेल्वे स्थानकाचे. तेथील रेल्वेत काम करणारे फ्योदोर क्रिलोविच यांनी ३० जुलै १९४३ च्या रात्री इंधनाच्या गाडीला चुंबकी सुरुंग चिकटवले. ती गाडी स्थानकाबाहेर पडण्याऐवजी यार्डातच थांबून राहिली आणि शेजारच्या दारूगोळ्याच्या व रणगाड्यांच्या गाड्यांसह जळाली. कुर्स्कची लढाई ऐन भरात असताना टायगर रणगाडे आघाडीवर पोहोचण्याआधीच संपले. शेकडो माणसांच्या ब्रिगेडला जे साधले नाही ते खिशात मावणाऱ्या वस्तूने आणि यार्डात ये-जा करण्याच्या परवान्याने साधले.

अनामिका

पूर्वरंग, आपल्या उदाहरणानंतर मला पुन्हा त्याच बाजूला यावे लागते. गाडी उडाल्यावर पार्टिझन जंगलात जातात आणि गाव जागेवरच राहते. जर्मन सरसेनापती कार्यालयाचे विल्हेल्म कायटेल यांनी १६ सप्टेंबर १९४१ रोजीच आदेश काढला होता की मारल्या गेलेल्या एका जर्मन सैनिकामागे ५० ते १०० 'कम्युनिस्टां'ना देहदंड देणे योग्य समजावे. २२ मार्च १९४३ रोजी खातिन गावात काय झाले ते आपण जाणतोच. जवळच्या रस्त्यावर पार्टिझनांनी जर्मन ताफ्यावर हल्ला केला, आणि गावकऱ्यांना एका कोठारात कोंडून ते पेटवून देण्यात आले. १४९ माणसे मेली, त्यांत ७५ मुले होती. बेलारूसमध्ये अशी गावे शेकड्यांनी मोजावी लागतात.

पूर्वरंग

खातिनचे दुःख मोठे आहे आणि त्याचा दोष पेटवणाऱ्यांचा आहे, हे सुरुवातीलाच म्हटले पाहिजे. जर्मनांनी पार्टिझन नव्हते तेथेही माणसे मारली. बेलारूसमधील ज्यूंची कत्तल तर पार्टिझन चळवळ उभी राहण्यापूर्वीच सुरू झाली होती. त्यामुळे 'घातपात झाला नसता तर गावे वाचली असती' हे सरसकट म्हणता येणार नाही. तरीही आपला मुद्दा एका बाबतीत मला पटतो. रस्त्यावरच्या हल्ल्याला ठिकाण असते आणि सूड उगवायला जवळचे गाव सापडते. भट्टीत फुटलेल्या कोळशाला असे ठिकाण नसते. संशय येतो तो रेल्वे कामगारांवर, आणि त्यांची जर्मनांना गरज असते. झास्लोनोव यांच्या पद्धतीचा हा गुण त्यांनी हेतुपूर्वक साधला होता की नाही हे सांगणे अवघड आहे, पण तो होता.

दप्तरखाना

झास्लोनोव यांच्या मृत्यूबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. ऑर्शाजवळ ओसिनतोर्फ येथे १९४२ मध्ये जर्मनांनी 'रशियन राष्ट्रीय लोकसेना' नावाचे दल उभारले होते. त्यात बहुतेक सोव्हिएत युद्धकैदी होते, आणि त्यांचा गणवेशही सोव्हिएत लाल सैन्याच्याच धाटणीचा होता. या कैद्यांतले अनेकजण छावणीतल्या उपासमारीतून सुटण्यासाठी आले होते हे पार्टिझनांनी ओळखले. झास्लोनोव यांनी त्यांच्याशी संधान बांधले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात त्या दलातले पुष्कळ सैनिक शस्त्रांसह पार्टिझनांकडे आले. ऑक्टोबरात झास्लोनोव यांच्याकडे ऑर्शा विभागातील सर्व पार्टिझन तुकड्यांचे नेतृत्व आले. नोव्हेंबरात कुपोवातवर चालून आले ते याच दलातले, पक्ष न बदललेले सैनिक. शेडमध्ये असताना जर्मनांच्या सेवेत असलेल्या रशियन माणसाला आपल्या बाजूला वळवण्याची जी हातोटी त्यांनी मिळवली होती तीच त्यांनी जंगलात वापरली, आणि जे वळले नाहीत त्यांच्या हातून त्यांचा शेवट झाला.

वाफ आणि पोलाद

एक शंका. ऑर्शातून बाहेर पडल्यानंतर त्यांच्या तुकडीची घातपाताची क्षमता कमी झाली असे म्हणता येईल का? म्हणजे शेडच्या आत जे जमत होते ते रुळांच्या कडेला जमले असेल असे वाटत नाही.

लोहमार्ग

इंजिनांच्या बाबतीत नक्कीच कमी झाली. बाहेरच्या माणसाला रूळ, पूल आणि चालती गाडी एवढेच हाताशी असते, आणि १९४२ पासून जर्मनांनी लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची झाडे तोडून, बुरूज बांधून आणि गस्ती वाढवून तेही कठीण केले होते. दुसरीकडे तुकडीचे संख्याबळ वाढले, आणि फेब्रुवारी ते सप्टेंबर १९४२ या काळात व्हितेब्स्कच्या उत्तरेला आघाडीत जी सुमारे ४० किलोमीटरची फट होती, त्या 'सुराझ फाटका'तून त्या भागातल्या पार्टिझनांना शस्त्रे मिळू लागली. एका कामाची जागा दुसऱ्या कामाने घेतली, असे म्हणणे अधिक योग्य.

ऑर्शाच्या जंक्शनचे महत्त्व मात्र त्यांच्या पश्चातही कमी झाले नाही. १९४३ च्या ऑक्टोबरपासून १९४४ च्या सुरुवातीपर्यंत लाल सैन्याने ऑर्शाच्या दिशेने वारंवार चढाया केल्या आणि त्या प्रचंड हानीनंतर थांबल्या. जर्मन बचाव टिकला त्यात जवळच्या लोहमार्गाने येणाऱ्या पुरवठ्याचा वाटा होता. १९ जून १९४४ च्या रात्री बेलारूसच्या पार्टिझनांनी एकाच वेळी हजारो ठिकाणी रूळ उडवले. पूर्वरंग यांनी सांगितलेली स्तारिनोव यांची हरकत येथे मला लागू होत नाही असे वाटते. या वेळी रूळ महिनाभर बंद ठेवायचे नव्हते, तीन दिवस पुरेसे होते, कारण २२ आणि २३ जूनला मोठी चढाई सुरू होणार होती. २७ जूनला ऑर्शा मुक्त झाले. त्यानंतर रेल्वे कामगारांपुढे पहिले काम आले ते जर्मनांनी १४३५ मिलिमीटरवर आणलेले रुळांमधले अंतर पुन्हा १५२४ मिलिमीटरच्या सोव्हिएत गेजवर नेण्याचे आणि उद्ध्वस्त शेड चालू करण्याचे.